तुळसाबाई, भीमाबाई आणि आपण : युद्धकाळातल्या बायकांवर कादंबरी लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आमच्या घरी महिन्यातून एकदा लिहिणारी मंडळी जमतात. कुणी छावणीतून येतं, कुणी रामबागेतून, दोघीजणी देवासहून बसने येतात. बहुतेकांना होळकरशाहीतल्या नाहीतर सत्तावनच्या एखाद्या बाईवर लिहायचं असतं आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. मी स्वतः सात वर्षं महिदपूरच्या लढाईवरच्या (१८१७, होळकर विरुद्ध इंग्रज) कादंबरीत आहे; तुळसाबाई आणि भीमाबाई या त्याच लढाईच्या वेळच्या होळकरांच्या घरातल्या बायका. त्या सात वर्षांत जे हाती लागलं त्यातून ही उत्तरं दिली आहेत.

आख्यायिकेवर लिहायचं की इतिहासावर?

माझी आजी वाती वळताना एक गोष्ट नेहमी सांगायची. राघोबादादा इंदूर घ्यायला निघाले, तेव्हा अहिल्याबाईंनी बायकांची फौज उभी केली आणि निरोप धाडला : तुम्ही जिंकलात तर बायकांना हरवलं म्हणून कुणी नाव घेणार नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. या वाक्याशी आजीचा हात थांबायचा. वात अर्धीच राहायची.

आता कागद काय सांगतात ते पाहा. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव १७६७ साली वारले. गादीवर एखादं लहान मूल दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवायचा, असा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांचा बेत होता आणि त्यांनीच राघोबादादांना बोलावलं. बाईंनी पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आणि इतर सरदारांकडे पत्रं रवाना केली. तुकोजी होळकर उज्जैनजवळ क्षिप्रेवर फौज घेऊन उभे राहिले. मग राघोबादादा म्हणाले, आम्ही तर समाचाराला आलो.

मला यात दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही हव्यात. निरोपाचं ते झणझणीत वाक्य लोकांनी दोनशे वर्षं जपलं, कारण त्यांना त्या बाईचा धाक आणि अक्कल एका वाक्यात पकडायची होती. पण कादंबरीला त्या वाक्याच्या आधीची रात्र लागते. कारकून मांडी घालून बसलाय, बोरू शाईत बुडवतोय, बाई सांगतायत, तो मोडीत ओढतोय, शाई सुकायला वाळू टाकतोय. एकाच रात्री किती खलिते? कुणाला आधी? कुणावर भरवसा ठेवायचा, जेव्हा स्वतःचा दिवाणच फुटलाय? मुलगा जाऊन किती दिवस झालेत? आख्यायिका तुम्हाला शिखर दाखवते, चढण तुम्हाला लिहायची असते.

कागद मिळतात कुठे? मोडी यायलाच हवी का?

छापील साधनांपासून सुरुवात करा. होळकरांची कैफियत, महेश्वर दरबारची बातमीपत्रे, सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे निवडक खंड, हे सगळं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, वाचता येतं. मूळ कागदांसाठी पुण्याला जावं लागतं, पुरालेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात. मोडी मात्र शिका. लेखक म्हणून तिचा फायदा वेगळाच आहे. हात न उचलता ओढलेल्या त्या ओळी वाचू लागलात की लिहिणाऱ्याची घाई कळते, दमणूक कळते, मजकूर कुठे अडला ते दिसतं. दोन-तीन महिने रोज अर्धा तास दिलात तर अक्षर लागायला लागतं.

शौर्य म्हणजे घोडा आणि तलवारच का?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या दहा पहिल्या खर्ड्यांतल्या आठांत नायिका पहिल्याच पानावर घोड्यावर असते. बसू दे, पण तिला तिथे कशानं बसवलं ते दाखवा.

मल्हारराव होळकरांनी १७६५ साली सुनेला, म्हणजे अहिल्याबाईंना, लिहिलेलं पत्र वाचा. चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे जा, चार-पाच दिवस मुक्काम करा, मोठ्या तोफा जवळ ठेवा, दारूगोळ्याचा जमेल तेवढा बंदोबस्त करा, वाटेवर चौक्या बसवा, अशा अर्थाच्या सूचना त्यात आहेत. सासरा सुनेला तोफांबद्दल लिहितो आणि कुठेही नवल नाही! म्हणजे हे काम ती आधीपासून करत असणार. मला या पत्रात मर्दानी वेशातल्या कुठल्याही चित्रापेक्षा जास्त युद्ध दिसतं. तोफ ओढायला बैल लागतात, बैलांना वैरण लागते, वैरणीला पैसा लागतो, आणि पैसा उभा करणारी बाई तोफेच्या मागे उभी असतेच.

दुसरी जागा म्हणजे खासगी. होळकरांच्या घरात राणीच्या नावाचं वेगळं उत्पन्न असे, त्याला खासगी म्हणत. ज्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा आहे तिचं धैर्य वेगळ्या रीतीनं चालतं. ते लिहा.

तुळसाबाई खलनायिका होती ना? मग तिच्यावर कशाला लिहायचं?

याच प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलं म्हटलं तरी चालेल.

आधी घडलं ते. यशवंतराव होळकर १८११ साली भानपुऱ्याला वारले. त्याआधी काही वर्षं त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि कारभार तुळसाबाईच पाहत होती. ती त्यांची लग्नाची बायको नव्हती. गादीवर बसलेला लहान मल्हारराव हा यशवंतरावांना केसराबाईपासून झालेला मुलगा. तुळसाबाईनं त्याला जवळ घेऊन त्याच्या नावानं राज्य चालवलं. खजिना रिकामा, फौजेचे पगार थकलेले, पठाण सरदार एकीकडे, मराठे सरदार दुसरीकडे, आणि १८१७ च्या हिवाळ्यात इंग्रज माळव्यात उतरलेले. तिनं आतून इंग्रजांशी बोलणं लावलं, मुलाला आणि स्वतःला त्यांच्या आश्रयाला न्यावं म्हणून. फौजेला ते कळलं. तंबूपाशी खेळणाऱ्या मल्हाररावाला फूस लावून दूर नेलं आणि बाईवर पहारा बसवला. २० डिसेंबरच्या पहाटे तिला क्षिप्रेच्या काठी नेऊन तिचं डोकं उडवलं, धड नदीत टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच नदीवर महिदपूरची लढाई झाली आणि होळकर हरले.

आता तिचं वर्णन कुणी केलं ते पाहा. सर्वांत विस्तारानं लिहिलंय इंग्रज सेनानी जॉन माल्कमनं. तो म्हणतो, ती तिशीचीही नव्हती, देखणी होती, बुद्धीनं चलाख, बोलण्यात तिच्या तोडीचे थोडेच, घोड्यावर छान बसायची आणि सोबत थोरामोठ्यांच्या घरच्या बायका घोड्यांवर असायच्या. आणि लगेच पुढे तिच्या दुर्गुणांचा पाढा. तिला वाचवायला कुणी पाऊल उचललं नाही, हेही तोच सांगतो. हा माल्कम २१ डिसेंबरला तिच्याच फौजेवर चालून गेला होता आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाची बोलणीही त्यानेच केली. शत्रूची साक्ष म्हणून ती टाकू नका, पण शत्रूची साक्ष म्हणूनच वाचा.

मी माझ्या पहिल्या खर्ड्यात तुळसाबाई अगदी त्याच साच्यात ओतली होती : शृंगार, कारस्थान, दिवाण गणपतराव, विषाच्या पुड्या. एका वाचक बाईंनी खर्डा परत करताना एवढंच विचारलं, "ही बाई तुम्हाला कुणी सांगितली?" मला उत्तर देता आलं नाही. ऐंशी पानं बाजूला ठेवली. ती क्रूर नव्हती असं मला म्हणायचं नाही, तिच्या हुकमानं माणसं मेली आहेत. पण तिशीच्या आतली, लग्नाचं कवच नसलेली बाई सहा वर्षं पगार थकलेल्या फौजेला तोंड देते, तिथे क्रौर्य कुठून येतं आणि धैर्य कुठे संपतं, हा कादंबरीचाच प्रश्न आहे. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. अशा न घेतलेल्या नावांपाशी थांबा.

मग भीमाबाई?

भीमाबाई ही यशवंतरावांची मुलगी, लढाईच्या वेळी विशीतली, विधवा. महिदपूरच्या रणात तिनं घोडदळ घेऊन चाल केली आणि पराभवानंतरही काही काळ माळव्यात झुंज दिली, ही आठवण माळव्यानं जपली आहे. इंदुरातल्या शाळकरी मुलींना ती स्नेहसंमेलनात भाला घेऊन उभी राहिलेली ठाऊक असते.

एकाच छावणीत या दोघी होत्या. एकीचं डोकं पहाटे नदीकाठी उडालं आणि दुसरी दुसऱ्या दिवशी घोड्यावर चढली. भीमाबाईला लोकांनी देव्हाऱ्यात ठेवलं, तुळसाबाईला उंबऱ्याबाहेर. मला विचाराल तर दोघींना एका कादंबरीत आणल्याशिवाय महिदपूर लिहिता येत नाही. १९ तारखेच्या रात्री भीमाबाईला झोप लागली असेल का? पहाटेच्या किंकाळ्यांनी छावणीतली माणसं जागी झाली असं माल्कम लिहितो. तिनं ऐकल्या असतील तर ती उठली का, की पडून राहिली? इथे आख्यायिका गप्प आहे आणि लेखकाचं काम इथूनच सुरू होतं. मी भीमाबाईला पडून राहिलेली लिहिलं आहे. मग दुसऱ्या दिवशी ती घोड्याला टाच मारते तेव्हा त्या टाचेत ती रात्रही असते.

तारखा आणि वेळा किती काटेकोर हव्यात?

फार काटेकोर हव्यात, आणि त्या तुम्हालाच मदत करतात. इंग्रजी तारीख मिळाली की पंचांगाचा हिशेब करून तिथी काढा. २० डिसेंबर १८१७ म्हणजे शके १७३९, मार्गशीर्षातला शुक्ल पक्ष, द्वादशीच्या आसपास. पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती, दोन-तीन दिवसांवर. त्या तिथीचा चंद्र अर्ध्याहून जास्त रात्र लख्ख असतो आणि पहाटेआधी मावळतो. म्हणजे तुळसाबाईवर पहारा बसलेल्या रात्री छावणी चांदण्यात न्हालेली होती आणि तिला बाहेर काढलं तेव्हा अंधार झालेला. हे मला कुठल्याही बखरीत मिळालं नसतं.

घड्याळ वापरू नका. घटका, प्रहर, कोस वापरा. पात्राला "पाच मिनिटांत येतो" म्हणू देऊ नका.

खाणं, कपडे, वस्तू?

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, टोमॅटो, चहा, काडेपेटी हे सगळं छावणीतून काढून टाका. विस्तव चकमकीनं किंवा निखाऱ्यावरून घ्यायचा. ज्वारी, गहू, हरभरा, तूप, गूळ, मिरची चालेल. डिसेंबरात माळव्याच्या काळ्या रानात गहू-हरभरा हिरवा असतो. अफू पेरलेली असते पण फुललेली नसते, म्हणून लाल-पांढऱ्या फुलांच्या शेतातून घोडदळ दौडवायचा मोह आवरा. ती फुलं महिन्या-दीड महिन्यानं येतात.

संवाद कुठल्या मराठीत लिहायचे?

"आहे" च्या जागी "असे" घालून भाषा जुनी होत नाही, फक्त अवघडते. मी शब्दसंग्रहावर लक्ष ठेवते. त्या काळच्या दरबारी मराठीत फारसी मुरलेली होती : मसलत, मुलूख, तैनात, रयत, जरब, फितवा, बंदोबस्त. हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, त्यांना पुढे आणा. उलट राष्ट्र, क्रांती, स्वातंत्र्यसंग्राम हे शब्द १८१७ च्या शिलेदाराच्या तोंडी देऊ नका. तो धन्यासाठी, वतनासाठी, थकलेल्या पगारासाठी, भावासाठी लढत होता. ही कारणं लहान नाहीत.

छावणी एका भाषेची नव्हती हेही विसरू नका. पठाण हिंदुस्थानीत बोलेल, गावचा पाटील माळवीत, बाई कारकुनाशी मराठीत आणि पठाण सरदार गफूरखानाशी हिंदुस्थानीत. आपण इंदूरकर एका वाक्यात तीन भाषा बोलतो, आपल्याला हे जमायला हवं. संबोधनं सांभाळा. फौज तुळसाबाईला बाईसाहेब म्हणेल, मूल आईसाहेब म्हणेल, आणि मारायला आलेला माणूस तिला काय म्हणेल ते ठरवायला मला दोन महिने लागले. तोही बाईसाहेबच म्हणतो.

लढाईचं वर्णन कसं करावं? मला युद्धातलं काहीच कळत नाही.

आधी जमीन समजून घ्या. महिदपूरला थॉमस हिस्लॉपच्या हुकमतीखालची इंग्रजी फौज क्षिप्रेच्या उतारावरून तोफांच्या तोंडी नदी ओलांडून आली. होळकरांच्या सत्तरच्या आसपास तोफा होत्या, तोफखाना रोशन बेगकडे. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, याची नोंद शत्रूनंही केली आहे. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी आठशेच्या आसपास, होळकरांकडे तीन हजारांच्या घरात. घोडदळ मागे हटलं आणि गफूरखानावर लोकांनी फितुरीचा ठपका ठेवला. पुढे तहात त्याला जावऱ्याचं संस्थान मिळालं.

हे सगळं तुम्हाला माहीत हवं, तुमच्या पात्राला नको. धुरातल्या माणसाला दहा हातांपलीकडचं दिसत नाही. आणि बुणगे विसरू नका, म्हणजे फौजेबरोबर चालणारी बिनलढाऊ माणसं : स्वैपाकिणी, पाणी भरणाऱ्या, कुणबिणी (म्हणजे दासी), गवत कापणाऱ्या, लेकरं. पळापळ झाली की पहिल्यांदा तुडवली जातात ती हीच. माझ्या कादंबरीतली लढाई एक कुणबीण सांगते. पेशवाईत कुणबिणी विकल्या-घेतल्या जात. धनी हरला की आपलं काय होणार, हे तिच्याइतकं कुणालाच स्वच्छ कळत नाही.

कागदच नसेल तर? नुसत्या लोककथेवर लिहावं का?

लिहावं. झाशीच्या वेढ्यात राणीच्या वेशात शत्रूपुढे गेलेली झलकारीबाई कोरी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळली. तिचं टपाल तिकीट निघालं ते २००१ साली. ज्यांच्या घरी कारकून नव्हता त्यांचं दफ्तर म्हणजे त्यांच्या आज्यांची जीभ. कागद नाही म्हणून ती घडलीच नाही असं म्हणणारा माणूस लिहिणाऱ्यांचाच इतिहास खरा मानतो. मात्र ज्यांची ती कथा आहे त्यांच्यात जा, बसा, ऐका. वरवर उचलून आपल्या नायिकेची मैत्रीण करून टाकू नका.

झाशीच्या राणीवर आता नवं काय उरलंय?

पुष्कळ. वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात अडकले होते आणि त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये ते दिवस लिहून ठेवले. भूक, पाण्याची ओढ, लूट, सगळं. ग्वाल्हेरला फुलबागेत राणीची समाधी आहे. मृत्यूची तारीख कुणी १७ जून १८५८ सांगतं, कुणी १८. आणि इंदूरकरांनी तर एक गोष्ट आठवावीच. पाठीशी बांधलेला तो दामोदर पुढे इथेच राहिला, इथेच १९०६ साली वारला. घोड्यावरून उडी मारणारी आई सगळ्यांनी रंगवली. त्या उडीची आठवण घेऊन जवळजवळ अर्धं शतक या शहरात जगलेल्या मुलावर लिहा.

काल्पनिक पात्रं चालतात का?

चालतात, लागतातच. फक्त मोठा ऐतिहासिक निर्णय त्यांच्या हातून करवू नका. आणि पुस्तकाच्या सुरुवातीला दोन ओळींत सांगा की कोण खरं, कोण कल्पनेतलं.

सतीसारख्या गोष्टी आजच्या वाचकापुढे कशा मांडायच्या?

अहिल्याबाईंचं आयुष्य पाहा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले तेव्हा सासऱ्यानं त्यांना सती जाऊ दिलं नाही. १७९१ साली त्यांचीच लेक मुक्ताबाई सती गेली आणि राज्य चालवणाऱ्या या बाईला ती थांबवता आली नाही. इथे नायिकेच्या तोंडी आजचं भाषण घालणं सोपं असतं. तसं केलंत की मुक्ताबाईचा हट्ट, तिचा विश्वास, आईची हतबलता, सगळंच खोटं पडतं. महेश्वरच्या घाटावर पाण्याकडे पाठ करून बसलेली आई लिहा. वाचकाला राग यायचा तो आपोआप येईल.

घराण्याचे वंशज किंवा लोक दुखावले तर?

आधी भेटा. मी ज्या दोन घरांत गेले तिथे कुणी मला अडवलं नाही. एकीकडे तर जुनी पेटी उघडून दाखवली. लोकांना राग येतो तो पूर्वजांच्या दोषांचा कमी, उथळपणाचा जास्त. जुनी बखर वापरायला परवानगी लागत नाही. अलीकडच्या लेखकाचा मजकूर उचलायचा असेल तर लक्षात ठेवा, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

किती दिवस लागतात?

लागतील तितके. वाचन संपल्यावर लिहायला बसू असं म्हणाल तर कधीच बसणार नाही. दोन्ही बरोबर चालवा.

इंदूरच्या माणसानं हे का लिहावं?

मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, इंदूर होळकरांची राजधानी झालं. राजवाड्यासमोर आपण पोहे-जिलेबी खातो, सराफ्यात रात्री फिरतो, ते शहर महिदपूरच्या पराभवानंतर उभं राहिलेलं आहे. त्या दोन दिवसांत क्षिप्रेकाठी जे झालं त्याच्या पायावर आपली घरं आहेत.

महिदपूरला जायचं असेल तर कधी जावं?

मार्गशीर्षात, शुक्ल द्वादशीला. उज्जैनहून उत्तरेला वाट आहे. आदल्या संध्याकाळी पोचा आणि पहाटे उठून नदीवर जा. शाल न्या, थंडी बोचते. चंद्र मावळलेला असतो, पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मी गेले तेव्हा पलीकडच्या काठावर एक बाई कंदील घेऊन उतरली, घागर भरली, आणि मला पाहून मोठ्यानं विचारलं, "कोण हे?" मी नाव सांगितलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग चढ चढून गेली. माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य आता तो प्रश्न आहे.